सड्याची वाटणी

नागाळा पार्क, कोल्हापूर
१२ मार्च २०२५

प्रिय विशू,

शाळा सुरू होण्याच्या आदल्या रविवारी आपण दोघं स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून वह्यांना कव्हरं घालायचो. खळ आई करून द्यायची, मैद्याची, आणि तू ती बोटानं चाटायचास. मी ओरडले की म्हणायचास, "आक्के, गोड न्हाय, पण गरम हाय." आमच्या कॉन्व्हेंटमध्ये लेबल सुतासारखं सरळ लागे. तुझ्या शाळेत कुणी ढुंकूनही बघत नसे, तरी लेबलं माझ्याकडूनच लावून घ्यायचा तुझा हट्ट. बाहेर दवाखान्यात आबांचे पेशंट खोकत असायचे. बास, एवढंच. त्या दिवशी वेगळं काही घडलं नव्हतं. आज ते का आठवलं सांगता येत नाही. तुझ्यावर इतकी चिडले आहे की मनाला कुठंतरी टेकायला जागा हवी असेल.

तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा दिसतात आणि पुढं सामसूम. म्हणून पत्र. आमच्या सिस्टर बेनेडिक्टा सांगत, राग आला तर सगळा कागदावर उतरवा आणि मग तो कागद फाडून टाका. त्यांचं अर्धं ऐकते आहे.

परवा सकाळी यशराज नावाचा एक तरुण दारात आला. हातात पेढे. ओळख ना पाळख, मला "आत्या" म्हणाला. बसल्याबसल्या सांगून टाकलं, की विश्वजितसरांनी उंबरटेकची जागा त्यांच्या कंपनीला द्यायचं पक्कं केलं आहे, विसारही झाला आहे, सामाईक असल्यामुळे आता माझी फक्त एक सही. मग मोबाइलवर चित्रं दाखवली. आपला सडा, विशू, माथ्यावरचं ते कातळाचं पठार. खालच्या उतारावरची अंजनी, जांभळी, हिरडे. वर ठळक अक्षरं: तुमचं स्वतःचं खासगी जंगल. झाडांच्या मधोमध बंगले आणि कातळात कोरलेला निळा पोहण्याचा तलाव.

"आत्या, इतकी गर्द जागा या पट्ट्यात दुसरी नाही," तो म्हणाला. "नुसता कातळ असता तर आमच्या साहेबांनी बघितलंही नसतं."

"नुसता कातळच होता," मी म्हटलं.

त्याला ते कळलं नाही. तुला कळायला हवं. आबा गेले त्या वर्षीचं उंबरटेक आठव. पावसाळ्यात छत्री उलटी करणारं गाव, आणि होळी झाली की टँकरची वाट बघायचं. सड्यावर पडलेलं पाणी उतारावरून धावत सुटायचं, जाताना माती घेऊन जायचं. सड्याखालचा झरा बोटभर झाला होता. आबांच्या कार्याला आपण गेलो तेव्हा सयाजीराव तुझ्याजवळ आले होते. गावात दुधाचं संकलन करतात ते, तुझ्याच वयाचे. म्हणाले, "दादा, डॉक्टरांचा सडा आन् खालचा उतार आमी राखू काय? गुरं सोडनार न्हाय, कुऱ्हाड लावू देनार न्हाय." तू म्हणालास, "राखा की! माझं काय जातंय?" वर्षश्राद्धाला तर सगळ्यांसमोर शब्द दिलास, "एक दिवस मशीन पाठवतो आणि सड्यावर तळं काढून देतो." टाळ्या वाजल्या होत्या. तू विसरला असशील.

त्यांनी मात्र राखलं. शेळ्यावाल्यांशी भांडणं झाली, एकाच घरातल्या दोन सुना त्यापायी वर्षभर बोलत नव्हत्या. उतारावर आडवे दगडी बांध घातले, सगळे हातानं. राखणीची पाळी लावली. एक बैलाच्या गळ्यातली घंटा आहे, ती सकाळी ज्याच्या दारात दिसेल त्यानं त्या दिवशी उतारावर राखण करायची आणि संध्याकाळी ती शेजारच्या दारात अडकवायची. ज्याच्या पाळीत नासाडी होईल त्या घराला दंड: उन्हाळाभर रोपांना खालून पाणी वाहायचं. सबब चालत नाही. सरपंचांच्या भावानंसुद्धा एक उन्हाळा वाहिलं आहे.

मी दर आठवड्याला एसटीनं मलकापूरला जाते, तिथून वडापच्या जीपनं वर. माझ्या हातून फार काही होत नाही. रोपांच्या पिशव्या भरते, चहा करते. बायका माझं बोलणं ऐकून हसतात, म्हणतात, "आक्का बोलाय लागल्या की बातम्या लागल्यागत वाटतंय." पण झरा मनगटाएवढा झाला आणि मे महिन्यातही राहिला, तो मी डोळ्यांनी पाहिला आहे.

आणि आता त्या लोकांनी वाढवलेल्या सावलीचा भाव तू घेणार? कातळाला गिऱ्हाईक नव्हतं. गिऱ्हाईक आणलं ते त्यांच्या अकरा वर्षांनी.

मी सही करणार नाही. पेढे परत पाठवले. तू स्वतः मला एकदा सांग की यशराज खोटं बोलतो आहे.

तुझी
आक्का


उंबरटेक
२ एप्रिल २०२५

विशू,

"प्रिय" लिहायचं विसरले नाही. लिहिलं नाही.

पाडव्याला सकाळी मी गुढी उभारत होते. सयाजीरावांचा फोन आला. आवाजात इतका आनंद की मला वाटलं त्यांना नातू झाला.

"आक्का, आलं की मशीन! दादांनी शब्द पाळला! ते बी पाडव्याच्या मुहूर्तावर!"

"कसलं मशीन, सयाजीराव?"

"तळ्याचं वो! जेसीबी! दादांचीच मानसं हायत संगं."

मी ओरडले, थांबवा, आत सोडू नका. यशराजचं मी गावात काही बोलले नव्हते, तू ते खोटं आहे म्हणून सांगशील याची वाट बघत होते. मागं हलगी वाजत होती. "काय म्हनतायसा? ऐकू येत न्हाय, मागनं करतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुन्हा लागला नाही. मी गुढी तशीच अर्धी सोडून शेजारच्या मुलाला गाडी काढायला लावली.

काय झालं ते मला तिथं पोचल्यावर कळलं. तुला ते कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

त्या दिवशी घंटा चिमणाबाईंच्या दारात होती. तुला त्या आठवतील, आबांच्या दवाखान्यात यायच्या, आबा त्यांना "फौजदारीण" म्हणायचे. आता सत्तरीच्या पुढं आहेत. बांबूच्या फाटकाशी त्या बसल्या होत्या. फाटकापाशी गाडी थांबली, यशराज उतरला आणि म्हणाला, "विश्वजितसरांची माणसं आम्ही." हे खोटं नव्हतं, विशू. तो एकही शब्द खोटं बोलला नाही. चिमणाबाईंनी फाटक उघडलं, ताक दिलं. गावात निरोप गेला. बायका आरतीचं ताट घेऊन आल्या. मशीनच्या पुढच्या दातांना हळदकुंकू लावलं. सयाजीरावांनी तुझ्या नावानं नारळ फोडला. तुझ्या नावानं.

मग मशीन उतारावर चढेना. वाटेत बांध आडवे. तर माझ्या या शहाण्या लोकांनी काय केलं असेल? पहारी आणि घमेली आणली आणि स्वतः बांध उकलले. "पावन्यास्नी वाट करा रं!" एकेक दगड हातानं उचलून बाजूला रचला, नीट, म्हणजे काम झाल्यावर परत लावता येईल. तळ्यासाठी आलेलं मशीन आपल्या बांधामुळं अडकलं याची त्यांना लाज वाटली. त्यांच्या घामानं तयार झालेल्या वाटेवरून ते वर गेलं.

सड्यापर्यंत गेलंच नाही. झऱ्याच्या वर, कारवीच्या दाटीत, आडवं वळलं आणि कापत सुटलं. अंजनी उपटल्या गेल्या तेव्हा सयाजीराव धावत गेले.

"अवो पावणं, तळं वरती सड्यावर! हितं कुठं घुसलाय?"

"काका, हा रस्ता आहे. बंगल्यांचा."

"कुनाचं बंगलं?"

यशराजनं मोबाइल पुढं केला. तीच चित्रं. म्हणाला, "घाबरू नका, काका. आम्ही ग्रीन लोक आहोत. झाडं ठेवूनच सगळं होणार."

सयाजीराव म्हणाले, "गाडी पांढरी, कापडं काळी, मशीन पिवळं. हिरवं काय हाय रं तुजं?"

मी पोचले तेव्हा बायका मशीनसमोर बसल्या होत्या. त्यातल्या निम्म्यांच्या हातात अजून आरतीची ताटं होती. चिमणाबाई सगळ्यांत पुढं. ड्रायव्हर बिचारा खाली उतरून लांब बीडी ओढत बसला होता, म्हणत होता, "मी कुंकू लावून घेतलंय, मला आता म्होरं जाववत न्हाय." मी पोलीस पाटलांसमोर लिहून दिलं की जमीन माझीही आहे आणि माझी परवानगी नाही. मशीन गेलं.

कापलेलं मात्र तसंच आहे. उतारावर वरून खालपर्यंत लाल जखम. आज चौथा दिवस, झऱ्याला गढूळ लाल पाणी येतं आहे. बायका फडक्यातून गाळून घेतात आणि तरी हंड्याच्या तळाशी गाळ बसतो. मी सयाजीरावांच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. कुणी तुला शिव्या देत नाही. मला तेच सहन होत नाही. एकानं तर म्हटलं, "दादा तसं न्हाईत. त्येस्नी बी फसवलं असंल." मी उठून आत गेले, कारण मला रडू आलं, आणि ते तुझ्या किवेनं नव्हतं.

आक्का


कोल्हापूर
१७ एप्रिल २०२५

विशू,

तुझा मेसेज मिळाला. "आक्का, गैरसमज झाला. मी फक्त मोजणीला हो म्हटलं होतं. गावाच्या नुकसानीचं बघतो. तू यात भावनिक होऊ नकोस."

जेसीबीनं मोजणी करतात हे मला माहीत नव्हतं. आणि भावनिक म्हणजे काय? आपल्या आईच्या वयाची बाई उन्हात मशीनसमोर बसली, त्यावर मी शांत असावं, असं? आबा असते तर त्यांनी तुला फोनवर काहीच म्हटलं नसतं. बॅग उचलून पुण्याला आले असते आणि तुझ्या सोफ्यावर न बोलता बसून राहिले असते. तुला ते आठवडाभर झेपलं नसतं.

नुकसानीचं बघतो म्हणालास त्याचं काय झालं ते ऐक. यशराज चिमणाबाईंकडं साडी घेऊन गेला, "विश्वजितसरांकडून" म्हणून. चांगली भारी आहे, जरीकाठी. त्यांनी ती हातात घेऊन पोत बघितला, काठ बघितला आणि विचारलं, "ही नेसून मी पानी वाहू व्हय?" पोरगा गडबडला. "ठेवा हो आजी," म्हणाला. त्या म्हणाल्या, "माझ्या घरात ठेवत न्हाय. आक्कांच्याकडं द्या, ज्याची हाय त्याला पोचती करतील." ती आता माझ्या कपाटात आहे.

पाणी वाहण्याचं असं झालं. देवळात सभा भरली. बांध कसे लावायचे, कापलेल्या जागी दगड कसा भरायचा याची बोलणी झाली. सगळे वाड्यावाड्यांनी दिवस वाटून घ्यायला तयार झाले. कुणी कुणाला दोष दिला नाही. मग चिमणाबाई उठल्या.

"माझी पाळी हुती," त्या म्हणाल्या. "फाटक म्या उगडलं. दंड सांगा."

सगळे एकदम बोलायला लागले. नगं, आजी, बसा खाली. सगळ्यांनीच नारळ फोडला, सगळ्यांनीच दगड काढलं.

"दगड मागनं काढलं. फाटक आदी उगडलं," त्या म्हणाल्या. "सरपंचाच्या भावाला दंड आन् म्हातारीला माफी? मग उद्या ज्यो त्यो म्हातारीलाच राखनीला बशिवंल."

लोक हसले. मला हसू आलं नाही. मी उभी राहिले आणि म्हटलं, हा दंड माझ्या भावाचा आहे. त्याच्या नावावर फाटक उघडलं. त्याला बोलवा, तो वाहील.

सयाजीराव खाली बघत म्हणाले, "आक्का, दादांच्या दारात घंटा कुठं हाय? ज्येच्या दारात घंटा त्येची पाळी, ज्येची पाळी त्येचा दंड. आमचा कायदा गावापुरता हाय. पुन्यापातूर जात न्हाय त्यो."

दुसऱ्या दिवसापासून चिमणाबाई वाहायला लागल्या. झरा गढूळ, म्हणून खालच्या विहिरीवरून. कापलेल्या जागेत रोपं लावली आहेत, त्यांना. मी गेले तेव्हा हंडा उचलायला धावले. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कमरंवर घ्या, आक्का. खांद्याला अडकवायची पर्स न्हवं ती." मी तो वळणापर्यंत नेला. पुढं मला धाप लागली आणि त्यांनी तो काढून घेतला, जसा लहान मुलाकडून चाकू काढून घेतात तसा.

तू ये, विशू. भाषण नको, साडी नको. एक हंडा खालून वर ने. त्या लोकांना तुझ्याकडून माफी नको आहे. तू फसला होतास असं त्यांनी आधीच ठरवून टाकलं आहे. तेवढं तरी खरं कर.

आक्का


कोल्हापूर
११ मे २०२५

विशू,

तुझ्याऐवजी तुझ्या वकिलांचं पत्र आलं. कोर्टातून वाटणी मागणार आहेस. सड्याचे सरळ दोन भाग, वरचा तुझा, खालचा माझा. फोनवरही बोललास, किती महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. "आक्का, तुझं अर्धं जंगल तू ठेव की. माझं मी काय करायचं ते मला करू दे. यात चूक काय?"

चूक सांगते. वरचा सडा पाणी पितो म्हणून खालचा झरा वाहतो. वर तू कातळ फोडून तलाव आणि बंगले बांधलेस की माझ्याकडं झाडांनी झाकलेला कोरडा उतार राहील. ते दोन तुकडे होत नाहीत. गाय वाटून घेताना कुणी तोंड एकाला आणि आचळं दुसऱ्याला देत नाही.

तुझं दुसरं वाक्य, "गावाचा काय संबंध, सातबाऱ्यावर त्यांचं नाव आहे का?" नाही. सातबाऱ्यावर तुझं आहे, माझं आहे. तू सड्यावर शेवटचा कधी गेलास ते तुलाच सांगता येणार नाही, आणि तरी कायदा तुझ्या बाजूला आहे. तुझं खरं आहे. मला या गोष्टीचा इतका संताप आहे की ओळी तिरक्या जातात, अक्षर बघ. सिस्टरांनी पट्टी मारली असती.

गेल्या आठवड्यात जाऊन आले. बांध परत उभे राहिले आहेत, कापलेल्या जागी दगड भरला आहे. पाणी निवळत आहे पण धार बारीक झाली आहे. जुनी वाट तिला सापडेल की नाही कुणालाच माहीत नाही. चिमणाबाई वाहतातच. मध्ये ताप आला तर सुनेनं वाहिलं, आणि बऱ्या झाल्यावर त्यांनी तेवढे दिवस पुढं वाढवून घेतले.

मी पुष्कळ विचार केला. कोर्टात मी जिंकेनही, पण तोवर आपण दोघं राहू की नाही शंका आहे, आणि तारखा पडत असताना तुझी माणसं पुन्हा येतील. म्हणून वाटणी मान्य. फक्त माझ्या पद्धतीनं. वकिलांना हे दाखव, त्यांना आनंद होईल.

उंबरटेकचा सडा आणि उतार, सगळा, मला. त्यात तुझा हिस्सा शून्य.

त्याच्या बदल्यात हे नागाळा पार्कचं घर तुला, पूर्ण. मी इथं जन्मले, इथंच सगळं आयुष्य काढलं, हे लिहायची गरज नाही. जूनअखेर मोकळं करीन. मलकापुरात दोन खोल्या बघितल्या आहेत, खिडकीतून कडवी नदी दिसते. यशराजच्या कंपनीला सांग, सड्यापेक्षा या प्लॉटला जास्त भाव येईल. तुझा विसार त्यातून फिटेल. ते इथं काय बांधतील ते मी बघायला येणार नाही.

कोडोलीचं उसाचं रान तुला, तेही पूर्ण. त्याचा मी कधी हिशेब मागितला नाही, आता मागणार नाही.

रजिस्ट्रेशन झालं की त्याच दिवशी, त्याच ऑफिसात, मी सडा आणि उतार उंबरटेक ग्रामपंचायतीला बक्षीसपत्रानं देणार आहे. अट एकच, की तो विकायचा नाही. सयाजीराव म्हणाले, "आक्का, मग तुमच्याकडं काय ऱ्हायलं?" मी म्हटलं, राखणीची पाळी लावा मला. त्यावर त्यांनी माझ्या चपलांकडं बघितलं आणि म्हणाले, "आदी बूट घ्या."

आता बाकीच्या वस्तू.

आबांचा मायक्रोस्कोप आणि काचेचं कपाट उंबरटेकच्या शाळेला. गुरुजी टेम्पो घेऊन येतील, तेव्हा घराची किल्ली शेजारी असेल. माझा पियानो कॉन्व्हेंटला परत, तिथूनच तो जुना म्हणून घेतला होता. आईची शिलाई मशीन चिमणाबाईंच्या सुनेला. आईची मोहनमाळ आणि तिच्या नऊवारी नंदूच्या. राजनंदिनी तुझी लेक असली तरी माझी भाची आहे, आणि तिनं दोनदा मला फोन करून विचारलं की आत्या, बाबा असं का करतायत. तिला मी उत्तर दिलं नाही. ते तुझ्या वाटणीचं काम आहे. मोहनमाळ मी स्वतः तिच्या गळ्यात घालीन, पार्सलनं पाठवणार नाही.

साडी या पत्रासोबत येत आहे. घडी मोडलेली नाही.

चिमणाबाईंना तुझ्याकडून काही पाठवू नकोस.

आणि कोडोलीचं रान तुला दिलं, त्याबद्दल एक गोष्ट समजून घे. उसाला पाणी वारणेचं. वारणेला कडवी मिळते आणि कडवीला आपल्या सड्याखालचा ओढा. ऊस तुझा, त्याचं पाणी उंबरटेकच्या लोकांनी राखलेलं. तुझ्यानंतर ते रान नंदूला जाईल. ते तिच्या नावावर करशील तेव्हा तिला हे सांग, लिहून नको, वकिलामार्फत नको, समोर बसून सांग.

आक्का